छापून झालं, आता आवरा!

बालमित्रांनो, भेंडीचे ठसे तुमच्यापैकी बहुतेकांनी केले असतील. भेंडीचं देठाकडचं टोक आडवं कापायचं, रंगात टेकवायचं आणि कागदावर उठवायचं. झालं पाच पाकळ्यांचं फूल! काम संपलं की भेंडी टाकून द्यायची आणि हात धुवायचे. आवरायला फारसं काही उरतच नाही.

पण एकदा ठशांची गोडी लागली की माणूस भेंडीवर थांबत नाही. मग बटाटा येतो, खोडरबर येतं आणि एखाद्या दिवशी चित्रकलेचे सर लिनो दाखवतात. लिनो म्हणजे लिनोलियमचा मऊसर तुकडा. त्यावर चित्र उलटं काढायचं. जे पांढरं राहायला हवं ते कोरणीने कोरून काढायचं. काचेवर शाई घेऊन रोलरने एकसारखी पसरायची, तोच रोलर लिनोवर फिरवायचा, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं आणि कागद एका कोपऱ्यापासून हळूहळू उचलायचा. तो क्षण असा असतो की मी मी म्हणणारी दंगेखोर मुलंसुद्धा श्वास रोखून बघतात!

आणि त्यानंतर? काचेवर शाईचा राप, रोलर बरबटलेला, दाराच्या कडीवर बोटांचे काळे ठसे आणि दारात आई उभी!

आज मी छपाईबद्दल लिहिणार नाही. ती तुम्हाला सर शिकवतील. मी लिहिणार आहे छापून झाल्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल. कारण त्या अर्ध्या तासात मी स्वतः एक मोठी चूक केली होती.

मे महिन्यातली ती दुपार

दर मे महिन्यात आमच्या घराच्या पडवीत गल्लीतली मुलं जमतात. मी शाळेत चौथीला शिकवते, त्यामुळे सुट्टीतही 'बाई, बाई' अशा हाका चालूच. त्या वर्षी आम्ही लिनोवर गणपती, बैलगाडी, मांजर अशी चित्रं कोरून शुभेच्छापत्रं छापली. शाई आणली होती तेलाची, कारण तिचा काळा रंग अगदी मखमली उठतो.

छापून झाल्यावर मुलं घरी गेली आणि मी आवरायला बसले. ही शाई जवसाच्या तेलात केलेली असते, हे मला ठाऊक होतं. मनात म्हटलं, 'मग काढायलाही जवसाचं तेलच घेऊ. रॉकेलचा वास नको की थिनरचा त्रास नको.' जुन्या साडीच्या चिंध्या केल्या, जवसाच्या तेलाने सगळं लखलखीत पुसलं. चिंध्यांचे बोळे करून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले, पिशवीला गाठ मारली आणि ती पडवीच्या कोपऱ्यात रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवून दिली. सकाळी घंटागाडी आली की टाकू, असा विचार.

संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी पडवीतून वास येऊ लागला. तेल करपल्यावर येतो ना, तसा. गॅस पाहिला, तो बंद होता. वासाच्या मागावर पिशवीपाशी गेले. पिशवीला हात लावला तर गरम! गाठ सोडून आतला बोळा धरला आणि चटकन हात मागे घेतला. तव्यावरच्या भाकरीला हात लागावा तसा चटका बसला.

सगळी पिशवी पाण्याच्या बादलीत बुडवली आणि मग मी पायरीवरच बसले. कोणी काडी ओढली नव्हती. तिथे ऊन येत नव्हतं. विजेचं बटणसुद्धा जवळ नव्हतं. मग चिंध्या तापल्या कशाने? आणि त्याखाली होता वर्षभराच्या रद्दीचा गठ्ठा!

शाईत असतं तरी काय?

या कोड्याचं उत्तर शाईतच आहे. काळी छपाईची शाई म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी. एक काजळी आणि दुसरं तेल. दिव्यावर वाटी धरून आजी काजळ धरायची, त्याच जातीची ही काजळी. आपल्या मुंबईत गणपत कृष्णाजी नावाचे हुन्नरी गृहस्थ होऊन गेले. 1831 साली त्यांनी शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. छपाईची शाईसुद्धा स्वतः बनवण्याची खटपट त्यांनी केली होती.

तेल मात्र साधंसुधं चालत नाही. ते वाळणारं हवं. जवसाचं तेल तसं आहे. हो, तेच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो! गंमत म्हणजे आपण ज्यावर कोरतो तो लिनोसुद्धा जवसाच्याच तेलाचा. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसाने 1863 साली त्याचं पेटंट घेतलं. 'लिनम' म्हणजे जवसाचं झाड आणि 'ओलियम' म्हणजे तेल, या दोन लॅटिन शब्दांवरून त्याने लिनोलियम हे नाव केलं. वाळलेल्या तेलात लाकडाचा भुसा किंवा बुचाची पूड वगैरे मिसळायची आणि ते तागाच्या कापडावर थापायचं, अशी ही फरशीवर अंथरायची वस्तू. चित्रकारांनी ती पुढे आपली करून घेतली.

आता मुद्द्याची गोष्ट. ओला टॉवेल वाळतो म्हणजे त्यातलं पाणी हवेत उडून जातं. जवसाचं तेल तसं वाळत नाही. ते उडून जात नाही, उलट हवेतला प्राणवायू आत घेतं आणि घट्ट होत जातं. हे होताना थोडी उष्णता बाहेर पडते. काचेवर पातळ थर असला तर ती उष्णता हवेत निघून जाते, आपल्याला कळतही नाही. पण चिंधीचा बोळा केला तर? कापडाच्या धाग्याधाग्यावर तेल पसरलेलं, म्हणजे प्राणवायू घ्यायला भरपूर जागा. आणि आतली उष्णता बाहेर जायला वाट नाही. बोळा तापतो. तापला की तेल आणखी वेगाने वाळतं आणि बोळा आणखी तापतो. असं होत होत कापड आपोआप पेटू शकतं.

खेड्यातल्या मुलांना हे पटकन समजेल. ओला चारा गंजीत रचू नये, असं आजोबा का सांगतात? कारण गंजी आतून तापते. तिथे उष्णता तयार होते ती सूक्ष्म जंतूंमुळे, पण कोंडल्यामुळे वाढते ती अगदी अशीच.

हे नुसतं घाबरवण्यासाठी सांगत नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा नावाची 38 मजली इमारत होती. तिथे लाकूडकामाला तेल लावणाऱ्या कामगारांनी जवसाच्या तेलाच्या चिंध्या 22 व्या मजल्यावर तशाच ठेवल्या. 23 फेब्रुवारी 1991 च्या रात्री, इमारत जवळजवळ रिकामी असताना, त्या आपोआप पेटल्या. आग एकेक मजला वर चढत गेली. 30 व्या मजल्यावर छताला आपोआप पाणी सोडणारे फवारे होते, तिथे ती अडली. तोपर्यंत अग्निशमन दलाचे तीन जवान प्राणाला मुकले होते. ती इमारत पुन्हा कधीच वापरात आली नाही. पुढे ती पाडावीच लागली.

त्या शनिवारी कोणी निष्काळजीपणे काडी टाकली नव्हती. चिंध्या आवरायच्या राहिल्या होत्या, एवढंच.

पाणी की तेल?

आवरायला बसण्याआधी, खरं म्हणजे शाई विकत घेतानाच, डब्यावर पाहायचं की शाई पाण्याची आहे की तेलाची. लहान मुलांनी पाण्याची शाईच वापरावी. ती ओली आहे तोवर पाण्याने निघते. मात्र अॅक्रिलिक जातीची असेल तर एकदा वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. म्हणून 'जेवण करून मग धुतो' हे तिथे चालत नाही. मे महिन्यात तर काचेवरची शाई बघता बघता वाळते.

तेलाची शाई पाण्याने निघत नाही. का, ते घरीच करून पाहा. वाटीभर पाण्यात चार थेंब गोडेतेल टाका आणि चमच्याने ढवळा. थोड्या वेळात तेल पुन्हा वर येईल. आता त्यात भांडी घासायच्या साबणाचं थोडं पाणी घालून ढवळा. पाणी दुधी होईल आणि तेल लवकर वर येणार नाही. साबणाच्या कणाला जणू दोन हात असतात. एका हाताने तो तेल धरतो, दुसऱ्याने पाणी. भांडणाऱ्या दोन पोरांच्या मध्ये उभं राहून दोघांचे हात धरणाऱ्या मॉनिटरसारखा!

शाई मात्र साध्या तेलापेक्षा चिवट. म्हणून आधी थोड्या गोड्या तेलाने तिला सैल करायचं आणि मग ते तेल साबणाने काढायचं. आधी तेल, मग साबण. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासारखाच हा क्रम, लक्षात ठेवायला सोपा.

आवरण्याचा क्रम

1. खरवडा. काचेवर उरलेली शाई जुन्या पत्त्याने किंवा जाड पुठ्ठ्याच्या तुकड्याने गोळा करा. चांगली असेल तर प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून ठेवा, उद्या उपयोगी पडेल. धुण्यापेक्षा खरवडण्याने जास्त शाई निघते. आई ताटातलं खरकटं आधी काढते आणि मग ताट विसळते ना, तसंच हे.

2. रोलर फिरवा. जुन्या वर्तमानपत्रावर रोलर पुढेमागे फिरवत राहा. कागद बदला. उमटणारा रंग फिका होत जाईल. अगदी फिका झाला की थांबा.

3. तेल लावा. हे तेलाच्या शाईसाठीच. काचेवर गोड्या तेलाचे चार-पाच थेंब टाका आणि त्यावरून रोलर फिरवा. शाई सैल होऊन तेलात येईल. चिंधीने काच आणि रोलर पुसा. रोलरच्या दोन्ही टोकांना, दांडीपाशी शाई लपून बसते. तिथे जुना टूथब्रश घाला. तेल घेताना शेंगदाण्याचं घ्या, जवसाचं नको. शेंगदाण्याचं तेल जवसासारखं वाळत नाही.

4. साबण लावा. ओल्या फडक्यावर थोडा साबण घेऊन काच आणि रोलर पुसा, मग स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसा. रोलरवर तेल राहिलं तर पुढच्या वेळी शाई नीट बसत नाही आणि रबरही हळूहळू खराब होतं.

5. लिनो सांभाळा. लिनो पाण्यात बुडवू नका. त्याच्या पाठीला तागाचं कापड असतं. ते भिजलं की लिनो पापडासारखा वाकतो. वरून तेलाचा हलका हात फिरवा, कोरलेल्या रेषांमधून मऊ ब्रश फिरवा आणि कोरडा पुसून सपाट ठेवा.

6. कोरण्या पुसा. हे काम मोठ्यांसमोरच करायचं. पुसताना मुठीकडून धारेकडे पुसा, म्हणजे बोट धारेवर येणार नाही. पाण्यात भिजत ठेवल्या तर गंज चढतो. कोरड्या करून तेलाचं बोट लावा आणि टोकाला बूच किंवा खोडरबराचा तुकडा खोचा.

7. रोलर टांगा. रबर टेकवून ठेवलं तर त्या जागी ते चपटं होतं आणि पुढे प्रत्येक चित्रात पांढरा पट्टा येतो. खिळ्याला टांगा, म्हणजे प्रश्नच नाही.

आता धुण्याचं पाणी. आमच्याकडे मे महिन्यात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, म्हणून मी तीन तांबे भरून ठेवते. पहिल्यात खळखळून, दुसऱ्यात निवळून, तिसऱ्यात शेवटचं. आईच्या भांडी विसळण्यावरूनच हे सुचलं. पहिल्या तांब्यातलं काळं पाणी मी लगेच ओतत नाही. पाण्याची शाई असेल तर रात्रभर ठेवलं की पुष्कळसा रंग तळाशी बसतो. वरचं पाणी अलगद ओतायचं आणि तळचा गाळ वर्तमानपत्राने पुसून घ्यायचा. शाई आणि तेल मोरीत जितकं कमी जाईल तितकं बरं. मोरीतून पुढे ते ओढ्याला आणि नदीलाच मिळतं. आणि हो, ही भांडी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाहीत. त्यांच्यावर 'छपाई' असं लिहूनच ठेवा.

आणि चिंध्या?

तेलाच्या शाईची चिंधी असो की तसल्या शाईचा वर्तमानपत्राचा बोळा, त्याचा ढीग कधीच करायचा नाही. पुसायला शेंगदाण्याचं तेल वापरलं तरी चिंधीत शाईतलं जवसाचं तेल उतरतंच. मी आता झाकणाचा पत्र्याचा डबा पाण्याने अर्धा भरून शेजारीच ठेवते. चिंधी वापरून झाली की त्याच क्षणी त्यात बुडवायची. डबा नसेल तर चिंध्या घराबाहेर, वारा लागेल अशा सावलीच्या जागी एकेक सुटी पसरायची, एकावर एक नाही. पूर्ण वाळून कडक झाल्या की मगच कचऱ्यात. हे काम मुलांनी मोठ्यांना सांगून, त्यांच्याबरोबर करायचं.

मामांचा छापखाना

माझे मामा छापखान्यात कामाला होते. शिशाचे खिळे जुळवून फर्मा बांधायचा आणि ट्रेडल मशीनवर छापायचं, तो काळ. संध्याकाळी मामा ब्रशने रॉकेल लावून सगळे खिळे धूत. मी विचारलं होतं, 'मामा, उद्या पुन्हा काळेच व्हायचे आहेत, मग रोज कशाला?' ते म्हणाले, 'आज शाई वाळू दिली तर उद्या क ची पोटं भरतील. परवा लोक क ला व वाचतील.'

मामांचं आवरणं मला पटलं, रॉकेल मात्र मी घेतलं नाही. रॉकेल, पेट्रोल आणि थिनर यांची वाफ बंद खोलीत डोकं दुखवते, भोवळ आणते, ठिणगी पडली तर पेट घेते. हाताला चोळलं तर कातडी कोरडी पडून भेगा जातात. मामांच्या हातांना त्या भेगा शेवटपर्यंत होत्या. आपल्या घरात त्यांची गरजच नाही. हातावरची शाईसुद्धा चार थेंब तेल चोळून, पुसून आणि मग साबण लावून निघते. नखांत थोडी राहिली तर राहू द्या. दोन दिवस ती मिरवायला हरकत नाही!

पालकांसाठी दोन शब्द

मुलं पसारा करतात म्हणून छपाईच नको, असं कृपया म्हणू नका. आणि मूल दमलंय म्हणून आवरणं स्वतःच्या अंगावरही घेऊ नका. तेलाची चिंधी आणि कोरणी एवढ्या दोनच गोष्टी आपल्या देखरेखीखाली ठेवा. बाकी सगळं आठ-नऊ वर्षांचं मूल छान करू शकतं. फक्त एक करा. दोन तासांचा खेळ असेल तर शेवटचा अर्धा तास आधीच आवरण्यासाठी राखून ठेवा. घाईत आवरणं होतच नाही. मीही त्या दिवशी घाईतच होते.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा पडवी भरली. पहिल्याच दिवशी मी मुलांना पाण्याचा तो पत्र्याचा डबा दाखवला आणि पिशवीची सगळी हकीगत सांगितली. बाई चुकल्या होत्या, हे ऐकून मुलांना भलताच आनंद झाला! त्या दिवशी छापून झाल्यावर सर्वांत लहान मुलगी, दुसरीतली, डब्याशेजारी उभी राहिली. प्रत्येकाच्या हातातली चिंधी पाण्यात पडलेली बघितल्याशिवाय तिने एकालाही चप्पल घालू दिली नाही. मलाही नाही.